दोन काट्यांचे कागद

"हिला देवानं आवाज दिलाय का न्हाई, कळंना बाई," चांगुणामावशी म्हणाली. ऐकायला समोर फक्त म्हैस होती. मी गोठ्याच्या दाराआड उभी होते, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. हातात कागदांचं पुडकं धरून मला तिथे पाच मिनिटं झाली होती. आबा कुठे आहेत एवढंच विचारायचं होतं, आणि ते कसं विचारावं याची मनात जुळवाजुळव चालली होती.

मावशी आबांच्या गोठ्यात कामाला येत असे. धार काढता काढता ती पुढे म्हणाली, "लोनावळ्याच्या मडमांच्या शाळंत शिकलीया म्हनं. तितं समदं शिकिवलं, बोलायचंच ऱ्हायलं."

तेवढ्यात गोठ्याच्या मागच्या अंगाने ती आरोळी आली. "मानूस हाय, मानूस येतोय." आबा स्वतःच्याच गोठ्यात शिरत होते. शिरल्यावर त्यांनी मान पूर्ण वळवून माझ्याकडे पाहिलं. "ही बग. आली पुन्यांदा मांजरावानी. पोरी, आमच्या डोंगरात तू कवाच मेली असतीस."

मावशीने जीभ चावली. मी पुडकं पुढे केलं. आबांनी हात पुढे केला नाही.

"आदी आवाज. मंग कागद."

मी काहीतरी पुटपुटले. ते त्यांना पुरलं नाही, पण त्यांनी पुडकं घेतलं.

कामशेतपासून तिकोणा पेठेपर्यंत सगळे त्यांना आबाच म्हणत, आणि मीही इथे तेवढंच म्हणणार आहे. कुठेही शिरण्याआधी आरोळी द्यायची हा त्यांचा नेम होता. न्हाव्याचं दुकान असो, पोस्ट असो, एसटीचं दार असो, मारुतीचं देऊळ असो, आधी "मानूस हाय, मानूस येतोय", मग पाऊल. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी मांडवाच्या तोंडाशी अशी आरोळी दिली की भटजी ओळ विसरले आणि मुहूर्त मागे-पुढे झाला, असं सांगतात. देवळात कशाला ओरडता, असं पुजाऱ्याने विचारलं तर म्हणाले, "देव जुना झालाय. त्यालाबी दचकायला हुतं." कामशेतच्या पोस्टातल्या मास्तरांनी एकदा थट्टेने म्हटलं, "आबा, पोस्टात अस्वल कुठून येणार?"

"अस्वल बरं," आबा म्हणाले. "टेबलामागचा मानूस दचकला म्हंजी लय वंगाळ वागतो."

अस्वल हे त्यांच्या घराण्याचं जनावर होतं. आजोबांच्या काळापासून त्यांची म्हशी आणि डांगी गाईंची खिल्लारं पवनेच्या वरच्या पठारावर चरत आली होती. गुरं जिथे चरत, तिथेच वारुळं होती, आणि वारुळं म्हणजे अस्वलांचं ताट. आबांच्या वडिलांनी बंदुकीचा परवाना काढला आणि गुराख्यांवर उलटलेली अस्वलं मारली. त्या अस्वलांची सहा कातडी आणि एक कवटी घरात होती. भिंतीवर नव्हे, घडी घालून, निरगुडीचा पाला घालून, एका पेटीत. दुसऱ्या पेटीत कागद होते.

त्या पेट्यांमुळे मी तिथे गेले. सरकारने नवा कायदा केला होता: घरात रानटी जनावरांची कातडी, शिंगं, कवट्या असतील तर त्या कळवायच्या, कधी आणि कशा मिळाल्या तेही लिहायचं. फॉर्म इंग्रजीत होता. माझे पप्पा लोणावळा स्टेशनवर बुकिंग क्लार्क होते आणि आबांची त्यांची तिकिटाच्या खिडकीतली जुनी ओळख होती. पप्पा त्यांना म्हणाले, "माझ्या मुलीला इंग्रजी येतं. आणि ती बाहेर कुणाला काही सांगणार नाही, हे मी लिहून देतो." बी.ए. होऊन मी घरी बसले होते. माझ्या न बोलण्याची कुणी शिफारस म्हणून केलेली ती पहिली वेळ.

आठवड्यातून दोनदा मी गाडीने कामशेत आणि तिथून एसटीने त्यांच्याकडे जाऊ लागले. पहिल्या दिवशी आबांनी मला आपल्या डाव्या हाताला बसवलं. त्या बाजूला डोळा नव्हता. कपाळापासून जबड्यापर्यंत कातडी ओढून शिवल्यासारखी दिसत होती. मी खाली पाहू लागले. ते म्हणाले, "खाली काय बगतीस? आदी हितं पोटभर बगून घे. मंग चहा." मी पाहिलं. ते समोर डोंगराकडे बघत शांत बसून राहिले. चहा आला तेव्हा मला उजव्या बाजूला बसवलं. नव्या माणसाला ते नेहमी असंच करत. एकदाच बघू द्यायचं, म्हणजे जन्मभर चोरून बघावं लागत नाही, असं त्यांचं मत होतं. उरलेला डोळाही आता अधू झाला होता. जवळचं अक्षर तर त्यांना दिसतच नव्हतं.

म्हशींची नावं त्यांनी कचेरीवरून ठेवली होती. तलाठीण, मामलेदारीण, फौजदारीण आणि सगळ्यांत मोठी, शिंगं मागे वळलेली, ती कलेक्टरीण. "कलेक्टरीण आज दूध चोरतीया," असं ते चारचौघांत मोठ्याने सांगत. एकदा खरोखरीच एक तलाठी ओसरीवर बसला होता आणि आतून मावशीचा आवाज आला, "तलाठीन लय लाथा मारती, आबा, तिला बांदू का?" तलाठ्याने चहा अर्धा टाकला. आबांनी त्याची समजूत घातली नाही. "नाव मोठं दिलं की जनावर दमानं घेतं," एवढंच म्हणाले.

फॉर्म भरताना आमचं पहिलं भांडण झालं. भांडण म्हणजे ते बोलत होते आणि मी लिहीत नव्हते. जनावर कसं मिळालं, असा एक रकाना होता. मी वडिलांच्या टिपणावरून तारीख, जागा, बंदूक असं लिहिलं. आबा म्हणाले, "आनि खाली लिव्ह, चूक कुनाची."

फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता. मी मान हलवली.

"रकाना नसंल तर आख. अस्वल चौथं. मादी. संगं दोन पिल्लं. चूक आमची."

मी शेवटी रेघ मारून रकाना आखला. सहापैकी चारांत 'चूक आमची', एकात 'चूक तिची' आणि एकात 'दोघांची' असं सुबक इंग्रजीत लिहिलं. वनखात्याने तो फॉर्म काही न विचारता घेतला. बहुधा कुणी वाचला नसावा. मला मात्र तो रकाना आवडू लागला होता.

चौथं अस्वल म्हणजे त्यांच्या डोळ्याचं अस्वल. ही गोष्ट ते सांगत तेव्हा त्यात शौर्य नावाला नसे. आबा तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. वडिलांशी वाजलं होतं. कशावरून ते त्यांना आठवतही नव्हतं. संध्याकाळी एक म्हैस परतली नाही म्हणून हे तिला शोधायला निघाले, पण रागात. रोज जाताना हाळी देत जायचे, म्हशीला नावाने हाका मारायचे. त्या दिवशी तोंड मिटून गेले. "मी रुसलो हुतो ना. रुसल्याला मानूस वरडतोय व्हय?" अनवाणी, ओल्या पाल्यावरून, आवाज न करता. वळणावर अस्वलीण वारूळ फोडत होती. अस्वलाला लांबचं दिसत नाही, आणि खाण्यात गुंतलं की ऐकूही येत नाही. तिला कळलं तेव्हा हे तिच्या अंगावरच होते.

"ती काय करनार? तिची पिल्लं मागं. म्या तिला दचकिवलं. तिनं माजं त्वांड काडलं."

वाडीवरचा एक जण तिथे जवळच लाकडं तोडत होता. गोमा त्याचं नाव. त्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने अस्वलीण हुसकली, ती त्याच्या हाताला लागली, आणि त्याच्या उजव्या अंगठ्याचं वरचं अर्धं पेर तिने नेलं. गोमाने आबांना पाठीवर घालून खाली आणलं. आठ दिवसांनी वडिलांनी अस्वलीण मारली. आबांनी पुढे कधी बंदूक धरली नाही. हाक्यात जाऊन ओरडण्याचं काम तेवढं केलं. हाका म्हणजे ओरडत, डबे वाजवत रान उठवायचं आणि जनावर बंदुकीच्या तोंडाशी आणायचं. "मला वरडायचं काम द्या म्हनलं. न वरडल्याचं फळ बगितलंय."

वडिलांची एक रीत होती. हाका झाला की, जनावर मिळो न मिळो, तिथेच, रानातच, ते मांडी घालून बसत आणि शिसपेन्सिलीने कागदावर टिपण करत: कुठलं रान, कुठलं जनावर, आणि हाक्याला कुठल्या वाडीवरून कोण कोण आलं, त्यांची नावं एकाखाली एक. मग दुसरा कागद घेत, पतंगाच्या कागदासारखा पातळ, आणि त्याच क्रमाने एकेकाचा अंगठा घेत. ज्याचा अंगठा कागदावर, त्याला अस्वलाच्या चरबीचा वाटा. आणि हाक्यात कुणी जखमी झाला तर त्याला कळपातली एक पारडी. यात कुणी खोटं बोलू नये म्हणून कागद. नाव एका पानावर आणि अंगठा दुसऱ्यावर, आणि दोन्ही पानं एकत्र बाभळीच्या काट्यांनी टोचलेली.

गुरांच्या कागदांना एक काटा असे, हाक्याच्या कागदांना दोन. मी विचारलं नव्हतं, पण आबांनी सांगितलं, "एका काट्यावर कागद फिरतो, पोरी. दोन काट्यांवर बसतो." पाऊस संपला की दर वर्षी ते सगळे कागद बाजेवर पसरून खालून निरगुडीचा धूर देत. त्यामुळे पन्नास वर्षांत कसर लागली नव्हती. लोणावळ्याला आमच्या घरी चामड्याच्या चपलांना बुरशी येते, पण त्या कागदांना साधा डाग नव्हता. घरी गेले की आई म्हणे, आज पुन्हा धुराचा वास येतोय तुझ्या केसांना.

आता माझं सांगते.

फॉर्मचं काम झाल्यावर आबा म्हणाले, आता सगळी पेटीच लावून टाक. मला कुणीतरी सोपवलेलं ते पहिलं मोठं काम होतं. मी लोणावळ्याहून निळ्या फाईली आणल्या, टाचण्यांची डबी आणली, आणि शाळेत जे शिकले होते ते केलं: तारखेप्रमाणे लावलं. बाळबोध अक्षर मला सावकाश वाचता यायचं, ओळीखाली बोट ठेवून, पण तारखा पटकन कळत. काटे गंजल्यासारखे काळे पडले होते. एकेक उपसून काढला आणि बशीत जमवला. पातळ कागदांवर नुसते शाईचे ठिपके होते, एक अक्षर नाही, तारीख नाही. त्यांचं काय करायचं? मी ते सगळे काढून एका पाकिटात घातले आणि पाकिटावर इंग्रजीत 'किरकोळ' असं लिहिलं. अंगठे आहेत हे मला कळत होतं. कुणाचे, हे कागदावर नव्हतं. वाटलं, नावं तर फाईलमध्ये आहेतच. बशीतले काटे चुलीत टाकले. छान पेटले.

आबा फाईलींवरून हात फिरवत आणि आल्यागेल्याला सांगत, "पोरीनं कागद वाचिवलं." ते फाईल उघडत नसत. उघडायची गरज नव्हती, त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

दिवाळीनंतर एका दुपारी चांगुणामावशी ओसरीवर आली. बरोबर तिचे सासरे होते, गोमाबाबा. होय, तेच. पाठीत वाकलेले, हातात काठी, काठीवर अर्धा अंगठा.

त्यांची वाडी आबांच्या कुरणाच्या खालच्या कडेला, ओढ्याकाठी होती. पवनेवर धरण झालं आणि पाणी चढलं तेव्हा ती पाण्यात गेली. गावठाणातल्या लोकांना नोटिसा आल्या, बदली जागा मिळाल्या. वाडीतल्या घरांना नंबरच नव्हते, म्हणून यादीत वाडी नव्हती. हे लोक गुरं राखायला हंगामापुरते येत, असा शेरा कुणीतरी मारला होता. दोन पावसाळे ते पाण्याच्या वरच्या अंगाला झोपड्या घालून राहिले होते. आता तालुक्याच्या कचेरीत सुनावणी होती. वाडी पूर्वीपासून तिथे होती हे कागदावर दाखवलं तर घरजागा मिळणार. नाही तर त्या झोपड्याही उचलायच्या. कुरण सरकारकडून पट्ट्याने घेतलेलं, त्यातली हातभर जागाही आबांना कुणाला देता येत नव्हती.

"त्वांडानं किती सांगितलं," मावशी म्हणाली. "सायेब म्हन्तो, कागद आना. आमच्याकडं कंचा कागद?"

आबा मोठ्याने हसले. "तुमच्याकडं न्हाई, माज्याकडं हाय. गोमा, तुजा अंगठा माज्या बाच्या पेटीत हाय, सांभाळून ठिवलाय. वाडीचं नाव, तुजं नाव, तुज्या बाचं नाव, समद्यांचं अंगठं. पोरी, हाक्याचं कागद काड. गोमाच्या वाडीचं."

मी फाईल उघडली. नावांचे कागद होते, तारखेप्रमाणे, सुंदर. अंगठे 'किरकोळ'मध्ये होते. तीसच्या वर पातळ कागद, पत्त्यांसारखे पिसलेले. कुठला कुणाच्या मागचा, हे आता जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं. आणि नावं काय, कुणीही काल बसून लिहील, असं साहेब म्हणू शकले असते.

"शोधते," मी म्हणाले. तिघांपैकी फक्त मावशीने माझ्याकडे नीट पाहिलं.

त्या दिवशी मी सांगायला हवं होतं. एसटीत बसल्यावर मी ते वाक्य चार वेळा मनात म्हटलं. पण न बोलता दुरुस्त करणं ही माझी जुनी सवय. शाळेत शाई सांडली तर मी बाईंना सांगत नसे, मधल्या सुट्टीत येऊन फरशी पुसत असे. सुनावणीला आठ दिवस होते. मी एक दिवसाआड जाऊ लागले आणि आबांची दुपारची झोप लागली की कागद घेऊन माडीच्या खिडकीशी बसत असे.

पहिले दोन दिवस काही सुचलं नाही. मी कागदाचा रंग लावून पाहिला, धुराचा डाग लावून पाहिला. तिसऱ्या खेपेला एक पातळ कागद खिडकीच्या काचेवर धरला तेव्हा उजेडात त्यातली दोन भोकं दिसली. टाचणीच्या भोकापेक्षा मोठी, कडा बसलेल्या. मग नावांचा कागद धरला. त्यालाही दोन. वडिलांनी काटे रानात, गुडघ्यावर कागद ठेवून टोचले होते. दोन काट्यांमधलं अंतर दर वेळी वेगळं पडलं होतं. कुठे बोटभर, कुठे चार बोटं, कुठे एक वर, एक खाली. कागदावर कागद ठेवायचा आणि उजेडाकडे धरायचा. एक भोक कशालाही जुळत होतं. दोन्ही भोकांतून एकदम उजेड आला की जोडी लागली.

गोमाबाबांच्या वाडीचे चार हाके होते, चारही त्यांचा अंगठा गेल्यानंतरचे. पहिल्या हाक्यात यादीत पाचवं नाव गोमाचं. जोडीला आलेल्या पातळ कागदावर मी वरून मोजत गेले. एक, दोन, तीन, चार पुरे अंगठे. पाचवा अर्धा. दुसऱ्या हाक्यात गोमाचं नाव दुसऱ्या ओळीवर होतं. अंगठ्यांतही दुसराच अर्धा. चारही जागी तो ठिपका जिथे असायला हवा होता तिथेच होता. त्या माडीवर मी एकटीच हसले. इतकं हलकं मला परीक्षेच्या निकालालाही वाटलं नव्हतं. चारही जोड्यांना जुन्याच भोकांतून नव्या टाचण्या लावल्या आणि खाली येऊन आबांना म्हणाले, "मिळाले."

"मिळनार न्हाईत तर जात्यात कुटं," आबा म्हणाले.

फरशी पुसून झाली होती. कुणाला सांगायची आता गरज नव्हती.

सुनावणीनंतरचं आधी सांगून टाकते, कारण ते सगळं चांगलं आहे. साहेबांनी ते कागद खिडकीशी नेऊन स्वतःच्या हाताने उजेडात धरले. मग शिपायाला शाईचा पॅड आणायला सांगितलं. गोमाबाबांचा अंगठा कोऱ्या कागदावर घेतला, आणि पेन्सिलीने मोजत चारही पानांवर तो शोधला. एक पान पाहिल्यावर ते थांबले नाहीत. चारही पाहिली, आणि शेवटच्याला स्वतःशीच "अरे वा" म्हणाले. माझा जबाब दोन पानं झाला, त्याखाली माझी सही आहे. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाडीला जागा मोजून मिळाली. चांगुणामावशी आज तिथेच राहते, स्वतःच्या नावाच्या जागेत, आणि घराला नंबर आहे. गेले तर म्हणते, "ये. आवाज दिल्याबिगर आत येऊ नको, माज्या घराला दार हाय आता."

सुनावणीच्या दिवशी आम्ही एसटीने परतलो. कामशेत आल्यावर आबा म्हणाले, "काटं चुलीत टाकलंस?"

"हो."

"पेटत्यात मातर झ्याक," ते म्हणाले, आणि एवढ्या मोठ्याने हसले की कंडक्टरने वळून पाहिलं.

पुढच्या खेपेला माझ्या टेबलावर बाभळीच्या काट्यांचा ढीग होता, ताजे, हिरवट. उरलेल्या सगळ्या जोड्या लावायला मला पावसाळा उजाडला. त्या चार कागदांच्या टाचण्या मात्र आबांनी बदलू दिल्या नाहीत. "त्या तुज्या. ऱ्हाऊ देत. फुडच्याला कळंल हितं कोन यिऊन गेलं." मागच्या वर्षी ते गेले. पेट्या आता त्यांच्या पुतण्याकडे आहेत. त्याला धुराची रीत मी लिहून दिली आहे.

हे सगळं नंतरचं. मला आबा आठवतात ते मात्र त्याच्या आधीच्या, फार तर एका मिनिटातले.

कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर आम्ही बायका बसलो होतो. दार उघडं होतं, आतलं सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. आबांनी दारातून शिरताना नेहमीची आरोळी दिली होती. साहेब दचकले, मग हसले होते. कागद टेबलावर ठेवले. नावं वाचली गेली. सगळं सुरळीत चाललं होतं. मग शेजारच्या कारकुनाने पानाची कड चिमटीत धरली.

"साहेब, हा कागद जाड आहे, तो पातळ. एकावर नावं, दुसऱ्यावर नुसते अंगठे. आणि टाचणी बघा, नवी कोरी आहे. हे दोन कागद आधीपासून एकत्रच होते कशावरून?"

साहेब आबांना म्हणाले, "काय हो, हे एकत्र कुणी लावले?"

"माज्या बानं," आबा म्हणाले. "रानात बसून. बाभळीचं काटं हायेत त्याला, दोन. हात लावून बगा."

"काटे नाहीत, आबा. टाचण्या आहेत."

आबांनी हात पुढे केला. त्यांची बोटं कागदाच्या वरच्या कडेवरून चालत गेली, टाचणीच्या डोक्याशी थांबली, मागे आली, पुन्हा गेली. मग त्यांनी दुसरा कागद चाचपला. तिसरा. कारकुनाने साहेबांकडे पाहिलं. गोमाबाबा काठी दोन्ही हातांनी धरून आबांच्या तोंडाकडे बघत होते.

आयुष्यात कुठल्याही दारातून मुकाट्याने न गेलेला माणूस भर कचेरीत खोटा ठरत होता आणि गप्प उभा होता. त्यांना एवढं नक्की कळलं होतं की टाचण्या कुणाच्या. माझं नाव घ्यायला त्यांना अर्धा क्षण लागला असता. त्यांनी मान वळवली नाही. मी त्यांच्या डाव्या हाताला होते, डोळा नसलेल्या बाजूला.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

मी उठले. माझ्या पायात रबरी सपाता होत्या, त्यांचा आवाज होत नाही. उंबऱ्याशी गेले तरी आत कुणाला कळलं नाही. साहेब लिहिण्यासाठी कागद सरळ करत होते, कारकून फाईल बांधत होता. आत दहा-बारा पुरुष होते. मी एक हात चौकटीवर ठेवला.

"माणूस आहे, माणूस येतोय," मी म्हणाले. "साहेब, काटे मी काढले."